प्रेसवरची टोळी ८० गाठींवर थांबते. टेलर खरा की मेयो?

जिनवाला, जामनेर

नमस्कार मंडळी. प्रश्न अभ्यासाचा आहे आणि पोटाचाही.

मी जामनेर तालुक्यात एका जिनिंग-प्रेसिंगवर देखरेखीला आहे. हा सहावा हंगाम. दिवसभर कापूस आणि रात्री पुस्तक, कारण मुक्त विद्यापीठाची व्यवस्थापनाची परीक्षा द्यायचं डोक्यात घेतलंय. बायको म्हणते, तुमच्या वहीतूनसुद्धा सरकी निघते.

आमच्याकडे २४ डबल रोलर जिन (कापसातून सरकी काढायची यंत्रं) आहेत. अडचण जिनांची नाही, प्रेसची आहे. प्रेसवर मुकादम धरून दहा जणांची टोळी. रुई पेटीत भरायची, दाबायची, पट्ट्या आवळायच्या, कापड चढवायचं, तोलायचं, नंबर टाकायचा. गाठ १७० किलोच्या आसपास. मजुरी गाठीमागे, म्हणजे जितक्या गाठी जास्त तितका पैसा जास्त. तरी ही टोळी बारा तासांच्या पाळीत ८० गाठी बांधते. फार तर एखादी इकडेतिकडे. मागे रुईचा ढीग पत्र्याला टेकलेला असतो, फाटकात ट्रक उभा असतो, तरी ८०. दुपारी चारपर्यंत हात असे चालतात की बघत राहावं. सत्तरी ओलांडली की एकाला तहान लागते, एकाची चप्पल तुटते आणि नंबर टाकायचा ब्रश शोधायला तिघं लागतात. ब्रश खिळ्याला टांगलेला असतो.

चोपड्याकडचा एक नवीन पोरगा आला होता, अंगाने दणकट. पहिल्या आठवड्यात त्याने घाई केली. कुणी त्याला काही बोललं नाही. फक्त जेवायच्या सुटीत सगळे एकीकडे बसले आणि तो एकीकडे. ठेचा आपसात फिरला, त्याच्यापर्यंत आलाच नाही. चौथ्या दिवशी तोही ब्रश शोधायला लागला.

शेठ म्हणतात कॅमेरा लाव. शेठचा मुलगा म्हणतो महिन्याला एकाला बक्षीस दे. पुस्तक म्हणतं: टेलरच्या मते माणूस पैशासाठी काम करतो, मेयोच्या मते आपुलकीसाठी, मास्लोच्या मते गरजा पायरीपायरीने चढतात, मॅक्ग्रेगरच्या मते माणूस कामचुकार आहे असं मानाल तर तो तसाच वागेल. परीक्षेत हे सगळं ओळीने लिहून येईन. पण माझी टोळी यातल्या कुणाची? आणि एकामागून एक सिद्धांत आले, म्हणजे आधीचा खोटा ठरला म्हणून नवा आला का?

धुळेकर, सध्या चाकण

दादा, परीक्षेपुरतं सांगतो. आधी शास्त्रीय व्यवस्थापन (टेलर, १९११), मग प्रशासकीय (फेयॉल, १९१६, त्याची १४ तत्त्वं पाठ कर, हमखास विचारतात), सोबत वेबरची नोकरशाही. मग हॉथॉर्नचे प्रयोग आणि मानवी संबंध. मास्लो १९४३, मॅक्ग्रेगरचे एक्स आणि वाय (माणूस कामचुकार मानणारा सिद्धांत आणि जबाबदार मानणारा) १९६०. मग 'परिस्थितीनुसार ठरवा' म्हणणारे आणि शेवटी जपानी. उत्तराच्या शेवटी मास्लोचा पिरॅमिड काढ, अर्धा मार्क जास्त मिळतो.

टोळीचं म्हणशील तर आमच्या कंपनीत कायझेनचा (रोज थोडी थोडी सुधारणा करायची जपानी पद्धत) फलक आहे आणि सूचनापेटी आहे. पेटीत मागच्या महिन्यात दोन चिठ्ठ्या निघाल्या. एक कँटीनच्या डाळीबद्दल होती. दुसरीत लिहिलं होतं, 'पेटीची किल्ली कुणाकडे असते?'

निवृत्त टाइमकीपर, पारोळा

जिनवाले भाऊ, तुमचं ब्रशचं वाचून मी एकटाच हसलो. चाळीस वर्षांपूर्वीचं आमचं साचेखातं, म्हणजे मागांचं खातं, डोळ्यांपुढे आलं.

मी खानदेशातल्या एका कापड गिरणीत १९७१ साली टाइम ऑफिसात लागलो. काम सोपं होतं: भोंगा वाजला की खिडकीत बसायचं, पितळी बिल्ले घ्यायचे, उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे खूण करायची. सात-आठ वर्षांनी गिरणीत 'वर्क स्टडी' नावाचं खूळ आलं. मुंबईहून एक साहेब आले आणि मला हाताशी दिलं. हातात स्टॉपवॉच, पुठ्ठ्याला लावलेला तक्ता. साचेवाला काय करतो ते सेकंदात लिहायचं. धोटा बदलला, लिही. ताण्याचा धागा तुटला, शोधला, गाठ मारली, लिही.

पहिल्याच दिवशी एक म्हातारा साचेवाला तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला अकरा सेकंद घेत होता. मी वहीत अकरा लिहिलं. पाठ फिरवून दोन साचे पुढे गेलो आणि लोखंडी खांबाआडून पाहिलं, तर चार सेकंदात गाठ. शेजारचा त्याला अहिराणीत म्हणत होता, 'तो देखी राहिना रे, हळू हळू कर.' (म्हणजे, तो बघतोय.) मी अकराच राहू दिलं. का ते पुढे सांगतो.

आपल्याकडे याला चांगला शब्द आहे, हात राखून काम करणं. टेलरच्या सगळ्या विद्येचा जन्म याच एका गोष्टीतून झाला आणि तुमच्या पुस्तकाने नेमकी तीच गाळली असणार. टेलर हा फिलाडेल्फियाच्या खात्यापित्या घरातला पोरगा, पण १८७८ साली मिडवेल नावाच्या पोलाद कारखान्यात साधा कामगार म्हणून लागला. लेथवर उभा राहिला. तिथे सगळे ठरवून कमी माल काढतात हे त्याने आतून पाहिलं. मग तो टोळीचा मुकादम झाला आणि ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता त्यांच्याशीच दोन-तीन वर्षं भांडला. म्हणजे भाऊ, तो तुमच्याच खुर्चीवर बसलेला माणूस होता.

आणि त्याने कारण काय सांगितलं? आळस नाही म्हणाला. थोडाफार आळस सगळ्यांतच असतो, पण खरा रोग ठरवून हात राखण्याचा, आणि तो रोग मालकाने लावलेला. नगावर मजुरी ठेवायची, कामगाराने जोर लावून जास्त नग काढले की 'हा फार कमावतो' म्हणून नगाचा भाव पाडायचा. असं दोन-तीनदा झालं की कामगार शहाणा होतो. टेलरने हे स्पष्ट लिहून ठेवलंय. त्याचं औषध असं: घड्याळ लावून काम मोजा, योग्य भाव ठरवा आणि तो पुन्हा कापू नका. मालकांनी औषधातलं घड्याळ तेवढं घेतलं.

त्याचंही सोनं करायला नको. बेथलेहेम स्टीलमध्ये कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहून वाघिणीत भरायचे होते. एकेक ठोकळा ९२ पौंडांचा, म्हणजे ४१-४२ किलोचा. माणूस दिवसाला साडेबारा टन भरायचा. टेलरच्या पुस्तकातला श्मिट नावाचा गडी साडेसत्तेचाळीस टन भरायला लागला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर. हिशेब तुम्हीच करा: काम पावणेचारपटीच्या वर, पैसा दीडपटीच्या जरासा पुढे. वर टेलर लिहितो की या कामाला बैलाच्या बुद्धीचा माणूसच बरा. पुढच्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं काढली तेव्हा ही गोष्ट त्याने बरीच तिखटमीठ लावून सांगितल्याचं दिसलं. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र-कारखान्यात ओतारी लोकांवर घड्याळ लावलं, तर त्यांनी कामच टाकलं. अमेरिकेच्या संसदेने चौकशी समिती बसवली, टेलरला समोर बसवून उलटतपासणी केली, आणि १९१५ पासून लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉच बंद केलं.

आपल्याकडेही हेच घडलं, फक्त मुंबईत, आणि मोठ्या प्रमाणावर. दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळा, सूतकताईत एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा असं निघालं आणि १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीडेक लाख गिरणी कामगार संपावर राहिले. शब्द सुधारणेचा होता, अर्थ माणसं कमी करण्याचा. आमच्या त्या म्हाताऱ्याचा बाप त्या संपात होता. तो पोराला शिकवून गेला होता: घड्याळवाला आला की हात जड करायचा. आता कळलं मी अकरा का राहू दिलं? चार लिहिलं असतं तर साचे वाढले असते आणि त्याच्या शेजारचा बदलीवर, म्हणजे काम असेल त्या दिवशीच्या रोजावर, गेला असता. साहेबांना माझा तक्ता फार आवडला, नीटनेटका होता.

आता मेयो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ प्रयोग चालले. पुस्तकात दिव्यांचा उजेड आणि पाच पोरींची खोली येते, पण तुमच्यासाठी त्यातली शेवटची खोली महत्त्वाची आहे, तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांची. दिवसाला ७,३१२ जोडण्या हे कंपनीचं उद्दिष्ट. हे लोक सहा हजार, फार तर सहा हजार सहाशेवर थांबायचे. मजुरी सगळ्या गटाच्या कामावर होती, म्हणजे जास्त काढलं तर जास्त पैसा. तरी थांबायचे. जो जास्त काढेल त्याच्या दंडावर ठोसा. तुमच्या पोराला ठेचा मिळाला नाही, तिथे ठोसा मिळायचा. फरक एवढाच.

मेयोच्या मंडळींनी याचा अर्थ लावला की हा भावनेचा, आपसांतल्या नात्याचा खेळ आहे, यात पैशाचं गणित नाही. त्या लोकांना विचारलं तर ते म्हणत होते, जास्त काढलं की उद्दिष्ट वाढवतील किंवा भाव कापतील, नाहीतर आमच्यातलाच कुणी घरी जाईल. ही भीती अडाणीपणाची ठरवली गेली. आणि तो अभ्यास १९३२ मध्ये का थांबला माहीत आहे? मंदीत कामच उरलं नाही म्हणून. माणसं घरी जात होती.

म्हणून विचारतो भाऊ, राग मानू नका. मागच्या दोन-तीन हंगामांत गाठीचा भाव कधी कमी केला होता का?

(पिरॅमिडवाल्या भाच्याला: मास्लोने तो पिरॅमिड कधी काढलाच नव्हता, मागाहून दुसऱ्यांनी काढला. अर्धा मार्क मात्र घे.)

केळीवाली, रावेर

नाना, सुंदर लिहिलंत. त्या पाच पोरींबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण आमच्या पॅकिंग हाऊसमध्ये २२ बाया आहेत आणि मी त्यांच्यातूनच वर आलेय. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) नंतर केलं.

पुस्तकात लिहितात की त्या पोरींकडे लक्ष दिलं, सुट्या दिल्या, म्हणून काम वाढलं. काम वाढलं खरं, आठवड्याला एकीमागे टेलिफोनचे २,४०० रिले होते ते ३,००० च्या घरात गेले. पण त्यांची मजुरी मोठ्या विभागातून काढून फक्त त्यांच्या छोट्या गटाच्या कामावर बांधली होती, हे पुस्तकं हळू आवाजात सांगतात. आणि हे तर सांगतच नाहीत की १९२८ च्या जानेवारीत पाचातल्या दोघींना खोलीतून काढलं, त्या फार बोलतात म्हणून. त्यांच्या जागी दोन नव्या आल्या. त्यातल्या एकीच्या घरी पैशाची फार ओढ होती, तिने इतरांना पळवलं. आपुलकीचा प्रयोग आणि बडबड करणारीला बाहेरचा रस्ता! आमच्याकडे हा नियम लावला तर बाविसातल्या एकवीस जाव्या लागतील, मी धरून.

मला या सगळ्यांत एकच बाई आपली वाटते, मेरी पार्कर फॉलेट. १८६८ ते १९३३. ती कारखान्यातली नव्हती, बोस्टनमध्ये वस्त्यांतून काम करायची. ती म्हणायची, हुकूम माणसाने माणसाला देऊ नये, दोघांनी मिळून परिस्थितीचा हुकूम ओळखावा. वाचताना पुस्तकी वाटतं. पण आमच्या दारात निर्यातीचा थंड कंटेनर उभा राहिला की बघा. घड आले, फण्या वेगळ्या करायच्या, हौदात धुवायच्या, चीक निघू द्यायचा, १३ किलोचं खोकं भरायचं, आणि केळी उन्हात राहिली की गेली. त्या वेळी मी काही बोलत नाही. हुकूम कंटेनर देतो. कुणी कुणाला मोठं-लहान म्हणत नाही, ज्या टोकाला माल साचतो तिथे दोघी आपणहून सरकतात.

पण हे चालतं का ते सांगते. आमचा खोक्याचा भाव हंगामाच्या सुरुवातीला भिंतीवर खडूने लिहितो आणि तो पुसायची मुभा शेठलाही नाही. एकदा पुसला होता. तेव्हा आठ दिवस सगळ्या बायांना एकाच वेळी पाठदुखी झाली. पाठदुखी निम्मी खरीही होती. हौद बुटके होते, दिवसभर वाकून मान मोडायची. ते दोन विटांनी उंच केले. शेठला वाटलं बाया हौदामुळे खूष झाल्या, बायांना माहीत होतं खडू परत आला म्हणून. मी दोघांनाही दुरुस्त केलं नाही.

जिनवाला, जामनेर

नाना, ताई, दोन दिवस उत्तर लिहिलं नाही कारण लिहायला लाज वाटली.

हो, भाव कापला होता. दोन हंगामांपूर्वी. दिवाळीनंतर आवक अचानक वाढली, तेव्हा हीच टोळी ओळीने नऊ दिवस ९२, ९३, ९४ गाठी बांधत होती. मी वहीत आकडे लाल पेनाने लिहिले आणि शेठला कौतुकाने दाखवले, मला वाटलं माझीही शाबासकी होईल. शेठने आकडे पाहिले, मजुरीचा हिशेब केला आणि म्हणाले, हे तर बँकेतल्या क्लार्कापेक्षा जास्त घेतायत. पुढच्या सोमवारपासून गाठीमागे सहा रुपये कमी. टोळीतले चार जण त्या वर्षी निघून गेले. मी हे विसरलो होतो असं नाही, पण ८० शी जोडलंच नव्हतं.

काल मुकादमाला चहाला बसवलं आणि सरळ विचारलं. आधी म्हणाला, मशीन जुनं झालंय. मग म्हणाला, माणसं दमतात. तिसऱ्या घोटाला म्हणाला, 'साहेब, लाल पेन तुमचंच होतं ना?'

आता मी काय करू? आणि नाना, तो दुसरा प्रश्न राहिला. टेलर खोटा ठरला म्हणून मेयो आला का?

निवृत्त टाइमकीपर, पारोळा

लाज वाटली हे चांगलं लक्षण आहे, पण ती तुमच्या एकट्याची नाही. लाल पेन आम्हीही वापरलंय.

खोटा ठरला म्हणून नव्हे. टेलर गेला १९१५ साली, त्याचं घड्याळ अजून गेलेलं नाही. ज्या वर्षी जी कळ उठली त्या वर्षी तिचा वैद्य आला, असं मी बघतो. फोर्डने १९१३ मध्ये सरकता पट्टा सुरू केला, गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे ते दीड तासावर आले. पण माणसं इतकी कंटाळून पळायला लागली की चौदा हजारांची फौज टिकवायला वर्षात पन्नास हजारांवर भरती करावी लागली. मग १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर जाहीर झाले. ते दान नव्हतं, गळक्या हौदाला बूच होतं. फेयॉल खाणीच्या कंपनीचा प्रमुख, त्याला वरून दिसणारी अडचण वेगळी: एका माणसाला एकच साहेब असावा. तुमच्याकडे शेठ कॅमेरा म्हणतात, शेठचा मुलगा बक्षीस म्हणतो आणि मधे तुम्ही, तेव्हा त्याचं ते एक तत्त्व भिंतीवर लावा, बाकीची तेरा परीक्षेला ठेवा. वेबरचं म्हणणं समजायला तुमचा मुकादम पुरे. तो म्हणजे जुन्या गिरणीतला जॉबर. माणूस तोच आणणार, तोच काढणार, आपल्या गावचे भरणार. जिथे लेखी नियम नाही तिथे सगळं अशा एका माणसाच्या तोंडावर चालतं. वेबरच्या कागदी कारभाराला आपण नावं ठेवतो, पण बदली कामगाराला विचारा, नंबराप्रमाणे काम मिळणं म्हणजे काय सुख होतं.

एक गोष्ट तुमच्या पुस्तकात बहुधा नसेल, ती इथून जवळच घडलेली आहे. १९५३ साली लंडनच्या टाविस्टॉक संस्थेचा राइस नावाचा अभ्यासक अहमदाबादला कॅलिको मिलमध्ये आला. स्वयंचलित साचे बसवूनही कापड वाढत नव्हतं. त्याने पाहिलं की एकाच खात्यात बारा तऱ्हेची कामं करणारे लोक आहेत, प्रत्येकाकडे साच्यांची संख्या वेगळी, आणि धागा तुटला तर कोण कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. त्याने सुचवलं की ठरावीक साचे एका छोट्या गटाकडे द्या, गटाने आपसांत काम वाटून घ्यावं. गंमत पुढेच आहे. साहेबांनी आराखडा काढायच्या आत कामगारांनीच कोण कुणाच्या गटात ते ठरवून टाकलं. पुढे कापड वाढलं आणि नुकसानही कमी झालं. याच संस्थेच्या ट्रिस्टने १९५१ मध्ये विलायतेतल्या कोळशाच्या खाणींबद्दल हेच लिहिलं होतं: यंत्र नवं आणलं, पण जुन्या टोळ्या फोडल्या, आणि तिथे घोडं अडलं. तुमची टोळी फोडायच्या भानगडीत पडू नका. जी टोळी ठरवून ८० वर थांबू शकते ती ठरवून ९५ ही करू शकते, एवढी शिस्त शेठच्या कुठल्या कॅमेऱ्यात आहे?

आणि एक तक्रार नोंदवून ठेवतो. या पुस्तकांत कामगारांची काळजी घेणारा विलायती गिरणीमालक रॉबर्ट ओवेन असतो, फोर्ड असतो, पण नारायण मेघाजी लोखंडे नसतात. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून रविवारची सुटी मागितली आणि १० जून १८९० ला ती मिळाली. विश्रांती दिली तर काम सुधारतं की नाही हे हॉथॉर्नवाले चाळीस वर्षांनी मोजत बसले. (तुमच्या बारा तासांच्या पाळीबद्दल मी मुद्दाम बोललो नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तास ठरवले होते. शेठला विचारा, वरच्या तासांचा दुप्पट दर देतात का.)

काय करू म्हणता, तर ताईंचा खडू घ्या. गाठीचा भाव, हंगाम संपेपर्यंतचा, कागदावर, शेठच्या सहीने, प्रेसच्या भिंतीला. कापलेले सहा रुपये परत मिळाले तर उत्तम. सही होईपर्यंत टोळीला एक गाठ जास्त मागू नका.

धुळेकर, सध्या चाकण

नाना, भाचा नमस्कार करतो. आमच्या इथला फोरमन टोयोटाच्या प्रशिक्षणात शिकून आला की मालात खोट दिसली तर कुणीही दोरी ओढून पट्टा थांबवावा. दोरी लावली. पहिल्या महिन्यात एकाने ओढली, तर 'कुणी ओढली' यावर दोन तास मीटिंग झाली. तेव्हापासून दोरीवर कुणीतरी फडकं वाळत घालतं.

जिनवाला, जामनेर

नाना, ताई, पुढे काय झालं ते कळवतो.

शेठकडे कागद घेऊन गेलो. वाचला, घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, 'सहीची काय गरज, माझा शब्द आहे ना.' मी म्हणालो, शब्द दोन वर्षांपूर्वीही होता. असं मी शेठशी पहिल्यांदाच बोललो, पाय लटपटत होते. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मुलाच्या हाती कागद परत आला. सही आहे. सहा रुपयांऐवजी तीन परत लिहिलेत, आणि 'हंगाम संपेपर्यंत' खोडून 'होळीपर्यंत' केलंय.

मुकादमाने कागद दोनदा वाचला, होळीवर बोट ठेवलं, हसला आणि स्वतःच्या हाताने प्रेसजवळच्या भिंतीला चिकटवला. खाली ब्रश टांगायचा खिळा आहे.

काल ८३ झाल्या. पण काल ट्रक दोन तास लवकर आला होता, त्यामुळेही असेल. वही निळ्या पेनाने लिहितोय.